मखमलीची लव

विमानतळावरच्या फिरत्या पट्ट्यावरून साऱ्या जगाच्या बॅगा आल्या, फक्त सरकारची आली नाही. शेवटी पट्टासुद्धा दमून थांबला.

"माझा कोट गं त्यात!" सरकारने कपाळाला हात लावला. "उद्या दुपारी मी व्यासपीठावर काय घालू? हा स्वेटर? कोपराला भोक असलेला?"

"हात खाली ठेवून बोल," डॉक्टरीण म्हणाली.

सरकार म्हणजे एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका. हुकूम सोडायची सवय तिला फ्रॉकातच लागली होती, आणि नाव तेव्हाचंच. डॉक्टरीण दातांची. तिसरी काडी. काडी हे नाव तिला बाराव्या वर्षी अगदी शोभायचं. पन्नाशी उलटल्यावर ते चेष्टेत जमा झालं होतं. तिचं शिवणाचं दुकान होतं. तिघी एका बाकावरच्या. भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट ठेवून त्यांनी परदेशी जायचं ठरवलं होतं, आणि मग लग्नं, बाळंतपणं, सासवांची आजारपणं, मुलांच्या परीक्षा असं एकेक करत ते बोट नकाशावरच राहून गेलं. यंदा शिक्षकांच्या संमेलनात बोलायला सरकारला परदेशातून बोलावणं आलं, तेव्हा तिने दोघींना फोन केला. "तिकिटं काढा. आणखी थांबलो तर गुडघ्यांची परवानगी काढावी लागेल."

निघताना सरकारने आणखी एक वस्तू पर्समध्ये टाकली होती: शाळेतला मॉनिटरचा पत्र्याचा बिल्ला. वर्गात तो आळीपाळीने प्रत्येकीला मिळायचा, आणि ज्या दिवशी ज्या मुलीच्या छातीवर बिल्ला, त्या दिवशी तिचा शब्द शेवटचा. कुरकुर करायला मुभा होती, नाही म्हणायला नव्हती. प्रवासातही हाच कायदा ठरला. पहिला दिवस सरकारचा, दुसरा डॉक्टरणीचा. काडीची पाळी आली की ती शाळेत करायची तेच करी. "माझा दिवस तूच घे गं, सरकार."

वाटेतल्या एका शहरात काही दिवस हिंडून त्या आज संमेलनाच्या गावी उतरल्या होत्या, आणि आजही पाळी तिचीच होती. बिल्ला अर्थातच सरकारच्या स्वेटरवर होता.

खोल्यांवर पोचेपर्यंत काडीच्या लेकीचा फोन येऊन गेला. पोरगी वाईट नव्हती, सरळ होती. "आई, दुकान भाड्याने मागणारा थांबायला तयार नाही. तू परत आलीस की लगेच हो किंवा नाही सांगायचंय. खरं सांगू? आता तू बेततच नाहीस. नुसती पँटची उंची कमीजास्त करायला दुकान कशाला हवं?"

काडीने "बघू" म्हणून फोन ठेवला. पण ते वाक्य टाचणीसारखं आत राहिलं.

सरकारचं माप मोठं. दुकानातले कपडे एक तर बाहुलीचे, नाही तर तंबूचे. कोटाच्या शोधात दोन तास पायपीट झाल्यावर काडी आणि डॉक्टरीण एका बाकावर बसल्या, आणि सरकार एकटीच एका कापडाच्या दुकानात शिरली. बाहेर आली ती विजयी मुद्रेने. खोलीवर येऊन तिने पलंगावर पुडकं सोडलं.

"घे. घरात टेलर असताना मी बाजार कशाला हिंडतेय? गुडघ्यापर्यंतचा कोट शिव. या खोल्यांच्या मालकिणीकडे शिवणाचं मशीन आहे, मघाशीच बघितलं मी. वर फुलदाणी ठेवलीये एवढंच."

गर्द निळी मखमल होती.

काडीचा चेहरा बघून डॉक्टरणीने जीभ चावली. "अगं, दुसरं काही नाही मिळालं?"

"का? सुंदर तर आहे!" म्हणता म्हणता सरकारलाही आठवलं, आणि तिने पुडक्याचा कागद उगाच पुन्हा कापडावर ओढला.

काडीच्या दुकानात एक रीत होती. नवं कापड टेबलावर पसरलं की ती कात्री कपाळाला लावायची, डोळे मिटायची आणि देवाला सांगायची, "हात सांभाळ." ही रीत तिच्या आईची, म्हणजे मशीनबरोबर आलेली. देवाने हात सांभाळलाही, वर्षानुवर्षं. मग एका नवरीचा मखमली झगा आला. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर कापड उजळ दिसतं, खालून वर फिरवला तर गडद. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने बेतायचे असतात. शिकाऊ पोरीलाही हे ठाऊक असतं. काडीने एक भाग उलटा बेतला. लग्नमंडपात दिव्यांखाली नवरी उभी राहिली ती अर्धी उजळ, अर्धी काळपट. फोटोसुद्धा तसेच आले. त्यानंतर काडीने कात्री कपाळाला लावली नाही, आणि कापडालाही लावली नाही. देवाशी तिने अबोला धरला. डॉक्टरीण वाटेत दिसेल त्या प्रार्थनाघरात डोकावायची, तेव्हा ही पायऱ्यांवर बसून पिशव्या राखायची.

"मला जमायचं नाही," ती म्हणाली, आणि आपला कोट अंगात अडकवून बाहेर पडली.

कोपऱ्यावरच एक प्रार्थनाघर होतं. पायऱ्या ओल्या होत्या, बसायची सोय नव्हती. काडी आत गेली ती निव्वळ कोरडी जागा हवी म्हणून. उंच खिडक्या, लाकडी बाकं, मेणाचा वास. एक म्हातारा गृहस्थ पुढच्या बाकावर चक्क डुलकी घेत होता. इथला देव कोणता, त्याला काय म्हणतात, तिला काही माहीत नव्हतं. बाकावर जुनी मखमली उशी होती. टेलरचा हात, तो आपोआप फिरला. उजळ. गडद. उजळ. गडद.

आणि तिला तो दिवस आठवला, पण या खेपेला लग्नमंडपापासून नाही, त्याच्या आधीच्या बेतायच्या टेबलापासून. झग्याला कापड कमी पडत होतं. नवरीच्या आईने दोनदा विचारलं होतं, "होईल ना हो?" आणि कापड कमी आहे हे बोट ठेवून दाखवता येत असताना ती म्हणाली होती, "होईल, होईल." कुणाला नाही म्हणायचं तिच्या जिभेला वळणच नव्हतं. मग एक भाग उलटा फिरवला की कापड पुरतं, हे तिने पाहिलं, लव उलटी जातेय हेही पाहिलं, आणि नेमके त्याच वेळी डोळे मिटले. "हात सांभाळ."

ती बाकावर एकटीच हसली. म्हातारा दचकून जागा झाला.

"तू तरी काय करणार होतास?" ती मनात म्हणाली. "हात तर सरळच चालला होता. बोलायचं मला होतं, आणि मी ते तुझ्या गळ्यात मारून मोकळी झाले." तिने हात जोडले. अबोला इतका जुना होता, तरी तो मोडायला कितीसा वेळ लागला! सख्ख्या बहिणीशी मोडतो तसा मोडला.

खोलीवर येऊन तिने मखमल पलंगावर पसरली, टेप काढला आणि सरकारला उभं केलं. मापं घेतली. कापड एकदा मोजलं, मग पुन्हा. टेप गळ्यात अडकवला.

"कापड पुरत नाही."

"पुरेल गं," सरकार म्हणाली. "दुकानदाराने मापून दिलंय. बसव कसंतरी, तुझा हात—"

"बिल्ला दे."

"काय?"

"आज पाळी कुणाची? दे इकडे."

सरकारने डॉक्टरणीकडे पाहिलं. डॉक्टरणीने खिडकीबाहेर पाहिलं. बिल्ला निघाला आणि काडीच्या छातीवर चढला, गंजासकट.

"आता ऐक. गुडघ्यापर्यंतचा कोट होणार नाही. कमरेपर्यंतचं जाकीट होईल, पूर्ण बाह्यांचं, आणि ते तुला कोटापेक्षा शोभेल, कारण कोटात तू कपाटासारखी दिसतेस."

"अगं, मी मुख्याध्यापिका आहे!"

"म्हणूनच इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही."

डॉक्टरीण हसता हसता पलंगावर आडवी झाली. सरकारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण कायदा म्हणजे कायदा. "कुरकुर करायची मुभा आहे ना?" तिने विचारलं.

"हवी तेवढी. डॉक्टरीण, तू अस्तरासाठी तुझा तो रेशमी स्कार्फ काढ. लपवू नकोस, दिसतोय मला."

मालकिणीला खुणेनेच सगळं सांगावं लागलं. बाई हुशार, मखमल बघताच तिने फुलदाणी उचलली, जेवणाचं टेबल पुसलं आणि मोठा दिवा खाली ओढला. काडीने कापड पसरलं, हात फिरवला, लवेच्या दिशेने खडूने एक बाण काढला. मग प्रत्येक तुकड्यावर तसाच बाण. सगळे बाण एकाच बाजूला बघत होते. तिने कात्री कपाळाला लावली, पण डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी म्हणाली, "बघ हं, आपण दोघं आहोत."

आणि कात्री चालली. मखमल कापताना एक दबका, जाड आवाज येतो. तो ऐकून सरकारचीही कुरकुर थांबली. डॉक्टरणीने टाचण्या दिल्या, सरकारने धावदोरे उसवले, मालकीण मशीनला तेल घालत राहिली. जेवणाच्या वेळेला टेबल रिकामं झालं आणि जाकीट खुर्चीच्या पाठीवर चढलं.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर चांगले मोठे दिवे होते. सरकार त्यांच्याखाली उभी राहिली. काडी तिसऱ्या रांगेत मान पुढे काढून बसली होती. भाषणातलं अक्षरही तिच्या कानात शिरलं नाही. ती खांदा बघत होती, बाही बघत होती, पाठ वळली की पाठ बघत होती. निळा रंग सगळीकडून सारखा उजळ होता.

"काय बोलली गं ती?" टाळ्या पडल्यावर तिने डॉक्टरणीला विचारलं.

"तुला काय करायचंय? जाकीट छान बोललं."

बाहेरच्या ओट्यावरून तिने लेकीला फोन लावला.

"आई, ठरलं का काही?"

"ठरलं. दुकान द्यायचं नाही."

"अगं पण आई—"

"आणि बेतायच्या टेबलावर तू जे खोके रचून ठेवलेत ना, ते मी येईपर्यंत खाली उतरव. मला टेबल लागणार आहे."

मग लेक म्हणाली, "आई, तुझा आवाज वेगळा येतोय."

"बिल्ला लावलाय," काडी म्हणाली. खरं तर आजची पाळी सरकारची होती. पण मागायला आलेल्या सरकारला तिने सरळ सांगून टाकलं होतं, शाळेपासूनचे तिचे पुष्कळ दिवस परत यायचे बाकी आहेत.