दोन चुलींचा पंचनामा

तहसीलच्या पुरवठा शाखेत मी सुनावण्या घेते असं सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काळे कोट आणि उंच खुर्ची उभी राहते. माझ्यापुढं असतं ते सनमायका उडालेलं टेबल, गुरुवारची गर्दी आणि एकच प्रश्न: चूल वेगळी आहे का? एका घरातलं माणूस वेगळं रेशनकार्ड मागायला आलं की आम्ही पहिल्यांदा चूल विचारतो. चूल वेगळी, तर कुटुंब वेगळं. घरोघरी गॅस आला, तरी आमच्या बोलण्यात अजून चूलच आहे.

त्या गुरुवारी दौलताबादच्या साळूबाई आणि मनकर्णाबाई आल्या. सख्ख्या जावा, दोघी विधवा, साठीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. किल्ल्याच्या पायथ्याशी दोघींची मिळून पेरूची एक पाटी. घर दोन खोल्यांचं; पुढची खोली थोरल्या साळूबाईंची, मागची धाकट्या मनकर्णाबाईंची. मागच्या खोलीची भिंत पडली तेव्हापासून दोघी पुढच्याच खोलीत दाटीवाटीनं राहत होत्या. मनकर्णाबाईंना आपली खोली घरकुल योजनेतून बांधून घ्यायची होती, आणि त्यासाठी त्यांच्या स्वतःच्या नावाचं कार्ड हवं होतं. त्यांचं नाव थोरल्या जावेच्या कार्डावर. तलाठ्यांनी अहवालात सरळ लिहिलं होतं, ‘चूल एकच.’ म्हणून प्रकरण माझ्याकडं आलं.

थोडक्यात, एका अंगणात नीट राहता यावं म्हणून दोघींना आधी वेगळं व्हायचं होतं. वेगळं व्हायचं तर भांडण पाहिजे, असं त्यांनी आपलं आपणच ठरवलं असावं. आल्या त्याच तोंडं फिरवून. मध्ये एक खुर्ची सोडून बसल्या. त्या मधल्या खुर्चीवर दोघींची मिळून एक पिशवी.

“चूल वेगळी आहे का?” मी विचारलं.

“व्हय तर,” साळूबाई म्हणाल्या. “तोंड बी बघत नाय मी हिचं.”

“मी बी नाय बघत,” मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि पिशवीतली पाण्याची बाटली काढून, झाकण उघडून जावेपुढं धरली. साळूबाईंनी दोन घोट घेऊन ती परत दिली.

शेजारी माझी अव्वल कारकून सगीरा जबाब टाइप करत होती. तिनं मान आणखी खाली घातली.

“भांडण कशावरून झालं?”

ही तयारी झालेली नव्हती. साळूबाईंनी पंख्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. “ही... ही सारखी अंबाडीची भाजी करती.”

मनकर्णाबाईंना हे फार पसंत पडलं. “करते की! ह्यांना आवडती म्हणून करते.”

“मला? मला कुठं आवडती?”

“अक्का, आता पुरं. लई नका ताणू.”

“ताणत नाय गं. खरंच नाय आवडत. दात आंबतात माझे.”

मनकर्णाबाईंनी पहिल्यांदाच जावेकडं नीट वळून पाहिलं. “पहिल्यांदा केली तव्हा दोनदा मागून घेतली तुम्ही.”

“तव्हा माझा दीर जाऊन महिना झालता. दुःखातनं उठून चुलीपुढं पहिल्यांदा बसली होतीस तू. नको म्हणू का तुला?”

“आन् त्याच्यानंतर?”

“त्याच्यानंतर राहून गेलं सांगायचं.”

“वीस वर्षं?”

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या माझ्याकडं वळल्या. आवाज वेगळाच होता. “मॅडम, म्या आवडीनं रांधायचं आन् ह्यांनी कीव म्हणून गिळायचं. लिहा तुम्ही. चूल वेगळी.”

एकीनं सही केली, दुसरीनं अंगठा दिला. गेल्या त्या दोन वेगळ्या रिक्षांनी. पिशवी खुर्चीवरच राहिली. सगीरा ती घेऊन फाटकापर्यंत पळाली, तर दोघींपैकी कुणी घेईना. शेवटी तिनं ती मनकर्णाबाईंच्या रिक्षात टाकली.

परत आली ती मलाच रागवत. “मॅडम, आप ही पूछे ना, झगड़ा कायको हुआ करके. नहीं पूछते तो चलता था.”

तिचं खरंच होतं. कागद चोख व्हावा म्हणून मी एक जादा प्रश्न विचारला, आणि चांगल्या नांदत्या घरात खरोखरची दुसरी चूल मांडून दिली. आता तलाठी म्हणतात एक आणि अर्जदार म्हणतात दोन, तेव्हा प्रत्यक्ष जाऊन पाहणं भागच होतं. पुढच्या आठवड्यात सगीराला घेऊन मी दौलताबादला गेले.

अंगणात तीन विटा मांडून साळूबाई फुंकणीनं जाळ करत होत्या. जाळ कसला, नुसता धूर. परातीत मोडलेल्या भाकरीचे तुकडे. वीस वर्षांत ह्या बाईनं चुलीला हात लावलेला नव्हता, हे कुणी सांगायची गरज नव्हती. उंबऱ्याच्या आत मनकर्णाबाई आपल्या चुलीकडं पाठ करून बसल्या होत्या. त्यांचा जाळ कसा छान पेटलेला, पण ताट वाढलेलं तसंच पडलेलं.

पंच म्हणून शेजारचे अप्पाराव आले. “आठ दिवस झाले मॅडम,” ते हळूच म्हणाले. “दिवसभर दोघींची कलकल चालायची, मला दुपारी झोप लागायची नाय. आता कलकल नाय, तरी झोप नाय.”

सगीरा पुठ्ठ्यावर कागद लावून पंचनामा लिहू लागली. मी एकेकीला विचारलं.

“माझी ही,” साळूबाईंनी विटांकडं बोट केलं.

“माझी आत,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

मागच्या गुरुवारी खोटं बोलताना दोघी कशा खुलल्या होत्या. आज खरं बोलत होत्या, तर तोंडातून शब्द ओढून काढावा लागत होता.

साळूबाईंनी पुन्हा फुंकर घातली. धूर उलटा तोंडावर आला. ठसका लागला तो थांबेना, डोळ्यांतून धारा लागल्या. मनकर्णाबाई उठून उंबऱ्यात आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या.

“लाकडं ओली हायत ती,” त्या पुटपुटल्या. मग मोठ्यानं, “अक्का, सरका बाजूला.” आणि एक पाय खाली टाकला.

ह्या बाईचा हात त्या जाळाला लागला की चूल एक झाली, आणि तीही माझ्या डोळ्यांदेखत. मग कसलं कार्ड आणि कसलं घरकुल.

“मनकर्णाबाई, थांबा!” मी ओरडले. “आहे तिथंच थांबा. आधी पंचनाम्यावर सही.”

“आवं, जीव जाईल की त्यांचा!”

“नाही जात. सगीरा, वाच. भरभर वाच.”

सगीरानं एका दमात वाचलं. साळूबाईंनी खोकत खोकत अंगठा उठवला. मी पुठ्ठा उंबऱ्यापाशी नेला. मनकर्णाबाईंनी एक पाय आत, एक पाय बाहेर अशीच सही केली. राहिले अप्पाराव. त्यांनी खिसे चाचपले.

“चष्मा घरी राहिला.”

“ऐकलंत ना आत्ता सगळं? मग अंगठा द्या.”

“अंगठा? चौथी शिकलोय मी, मॅडम.” आणि त्यांनी सही सुरू केली. नाव, वडलांचं नाव, आडनाव, वर एक रेघ, खाली दोन टिंबं. इतकी सावकाश सही मी माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिली नाही. साळूबाई खोकत होत्या, मनकर्णाबाई उंबऱ्यात तळमळत होत्या, आणि मी, सुनावणी घेणारी अधिकारी, मनातल्या मनात म्हणत होते, बायांनो, अजून एवढं एक मिनिट भांडा.

टिंब पडलं. मी खाली माझी सही ठोकली. दोन चुली समक्ष पाहिल्या, असं त्यात लिहिलं होतं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

“झालं,” मी म्हणाले. “महिनाभरात कार्ड येईल.”

मनकर्णाबाईंनी तोवर फुंकणी हिसकावून घेतली होती. ओली लाकडं बाजूला ओढून त्या विटांपुढं बसल्या. जाळ धरला. मग जावेकडं न बघता म्हणाल्या, “मग आवडतं काय तुम्हाला, ते तरी सांगा.”

साळूबाईंनी पदरानं डोळे पुसले. “आता काय आठवतंय, बाई. तू केलं ते खात आले.”

“आठवा मग. मी बसलेय इथंच.”

मी सगीराचा दंड धरला आणि रस्त्याकडं निघाले. “मागं बघू नकोस.”

“देखे तो क्या होता, मॅडम?”

“परत सुनावणी घ्यावी लागते,” मी म्हणाले आणि पाय उचलला.