वरचा बाण

चार महिने खपून स्कॅनबाईने एका म्हातारबुवांचे सहाशे जुने नकाशे ग्रंथालयाच्या संगणकात उतरवले होते. एका गुरुवारी सकाळी पाहिलं, तर एकही नाही. संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पाठीमागे सर्वज्ञ म्हणत. त्याने पडद्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि ग्रंथपालबाईंना नीट ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, “बाईंच्या हातून पुसले गेले असणार. घाबरू नका, हळूहळू जमेल.”

झालं. स्कॅनबाईची रवानगी परतीच्या खिडकीवर, पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवायला. नकाशे ज्यांचे होते ते म्हातारबुवा आपले कागद गुंडाळून घरी घेऊन गेले आणि पुन्हा देणार नाही म्हणाले. दुसरी प्रत ठेवणं हे सर्वज्ञाचंच काम होतं आणि ती त्याने ठेवली नव्हती, पण हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आपण पुसलं नाही हे स्कॅनबाईला पक्कं ठाऊक होतं, फक्त दाखवता येत नव्हतं. रोज चिठ्ठ्या डकवताना तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिची मोठी जाऊ शाळेत संगणक शिकवायची. रविवारी ही तिच्या दारात हजर.

“ताई, ती काळी खिडकी असते ना, नुसती अक्षरं टाइप करायची, ती शिकवा मला. सगळी नको. फक्त पुसायचं.”

“कुणाचं?”

“आहे एकाचं.”

जाऊने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “पुसायचं शेवटी. आधी आपण कुठे उभे आहोत ते विचारायला शीक. नाहीतर स्वतःचंच घर साफ करशील.”

मग धडे सुरू झाले. पीडब्ल्यूडी म्हटलं की यंत्र सांगतं, तू अमुक ठिकाणी आहेस. एलएस म्हटलं की तिथे काय काय आहे ते दाखवतं. सीडी म्हटलं की दुसऱ्या खोलीत जाता येतं. एक टिंब चुकलं तरी यंत्र तोंड वाकडं करून म्हणे, असा हुकूम मला माहीत नाही. चाळिशी उलटलेली ही बाई त्या यंत्राला मनसोक्त शिव्या घालायची आणि पुन्हा टाइप करायची.

“सारखं सारखं काय लिहितेस? वरचा बाण दाब. मागचा हुकूम परत येतो,” जाऊ म्हणाली. “दिलेला हुकूम ते विसरत नाही.”

पाचव्या रविवारी पुसायचा हुकूमही मिळाला. आरएम. दोनच अक्षरं. सर्वज्ञाने वर्षभर राबून वाचकांची नवी सूची तयार केली होती, तिच्यावर त्याचा फार जीव. तीच पुसायची, मुळासकट, हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती आपल्या जुन्या संगणकाशी बसली. काळी खिडकी उघडली. सवयीने आधी वरचा बाण दाबला. तिने इथे कधी काही लिहिलंच नव्हतं, तरी एक हुकूम आला. पुन्हा दाबला, दुसरा आला. तिसऱ्यांदा आला तो आरएम, आणि त्यापुढे तिच्या कप्प्याचं नाव, नकाशे.

मग तिने हिस्टरी टाइप केलं, मागचे सगळे हुकूम दाखवणारा, जाऊनेच शिकवलेला हुकूम. सगळी यादी खाली उतरली, प्रत्येक ओळीशी तारीख आणि वेळ. ती तारखेची सोय सर्वज्ञानेच करून ठेवली होती, आपण किती शिस्तीचे म्हणून. बुधवार, अकरा वाजून वीस मिनिटं. त्या बुधवारी तिच्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि तिच्या रजेचा अर्ज ग्रंथपालबाईंच्या खणात होता. काळी खिडकी वापरणारा तिथे सर्वज्ञ एकटाच. संगणकात जागा मोकळी करायला तो तिच्या खुर्चीवर बसला आणि भलताच कप्पा पुसून गेला. मागचा माग पुसायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. ही बाई ती खिडकी कशाला उघडतेय, असंच त्याला वाटलं असणार.

तिने सूचीला बोट लावलं नाही. आता तेवढ्याने तिचं पोट भरणार नव्हतं. शुक्रवारी सर्वज्ञ सगळ्या कर्मचाऱ्यांना काळ्या खिडकीची ओळख करून देणार होता, याच संगणकावर, पडदा भिंतीएवढा करून.

शुक्रवारी तासाभराच्या भाषणानंतर त्याने गंमत म्हणून तिलाच पुढे बोलावलं. “या बाई. घाबरू नका. काहीही टाइप करा.”

लोक हसले. ती शांतपणे बसली, हिस्टरी टाइप केलं आणि यादी वर सरकवत त्या ओळीवर थांबली.

“ग्रंथपालबाई,” ती म्हणाली, “या तारखेला मी कुठे होते, तेवढं खणात पाहता का?”

सर्वज्ञाचा हात पडद्याच्या वायरीकडे गेला.

“वायर राहू द्या,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

नकाशे परत आले नाहीत. म्हातारबुवांच्या घरी माफी मागायला सर्वज्ञाला पाठवलं, तर त्यांनी त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. स्कॅनबाई आपल्या खुर्चीवर परतली. त्याआधी परतीच्या खिडकीवर तिच्या जागी सर्वज्ञ कामाला लागला, तेव्हा ती मुद्दाम तिथे थांबली. त्याची पहिलीच चिठ्ठी वाकडी बसली होती. तिने ती सोलून काढली आणि पुन्हा त्याच्या हातात दिली.

“घाबरू नका,” ती म्हणाली. “हळूहळू जमेल.”