तीन बोटांची मूठ

"मिस्त्री, ही गिअरची मूठ एका बाजूनं घासलीत कशाला? करंगळी घसरते माझी!" यशवंतराव गाडीत बसूनच नूरमोहम्मदवर ओरडले.

मी, सयाजी डेंटर, बॉनेट पुसत होतो. फडकं तसंच हातात राहिलं.

साल चौऱ्याहत्तर. चिंचवडला हमरस्त्यालगत नूरमोहम्मदच्या गॅरेजात पाच महिने खपून आम्ही ही गाडी उभी केली होती. यशवंतरावांनी विलायती मासिकातलं चित्र आणून दिलं होतं, दोन माणसांच्या बुटक्या शर्यतीच्या गाडीचं. खाली जुनी हेराल्ड मोटार, वर मी ठोकलेला पत्रा. पत्रा ऐकतो हो, गिअर ऐकत नाही! सीट खाली आणि मागं गेली. हेराल्डचा गिअरचा दांडा हाताला पुरेना, जीपचा गुडघ्याला लागे. शेवटी खालचा भाग हेराल्डचा ठेवला आणि वर जीपचा दांडा कापून जोडला. तो वाकवणं, त्यावर लोखंडी मूठ बसवून घासणं, सगळं नूरमोहम्मदनं एकट्यानं केलं, नजरेच्या मापानं. टेप लावा म्हटलं की अपमान वाटतो गड्याला.

पण त्याच्या नजरेसमोर कोण होतं, ते मला आत्ता कळलं.

मन्सूर, त्याचा धाकटा भाऊ. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कारखान्यात प्रेसखाली गेलेली. आमच्याकडच्या प्रत्येक गाडीचा गिअर आधी तो टाकून बघायचा, मगच गिऱ्हाइकाला किल्ली. गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेला. नूरमोहम्मद अजूनही मधूनच "मन्सूर, बघ रे टाकून," म्हणतो आणि पान्हा धरून वाट बघतो. माझ्या अंगावर काटा येतो.

"रविवारी गाडी पुण्यात न्यायचीय. आज जमत नसेल तर दुसरीकडे टाकतो," यशवंतराव म्हणाले.

"व्हतंय सायेब, बसा जरा." मी नूरमोहम्मदला गाडीपाशी ओढलं. "नूरभाऊ, धरून बघ."

त्यानं मूठ धरली. शेवटच्या दोन बोटांना जागाच नव्हती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सयाजी, राहू दे रे ही," तो पुटपुटला. "त्याचा एवढाच हात राहिलाय."

"आन् गाडी परत गेली तर? मन्सूरला चाललं असतं व्हय?" मला राग आला होता, रडूही येत होतं.

मग त्यानं स्वतःच गॅस पेटवला, मूठ तापवली आणि तिच्या घासलेल्या बाजूवर पितळ चढवलं. मन्सूरची जागा भरून गेली. मला बघवेना.

मूठ निवल्यावर तो कानस घेऊन यशवंतरावांपुढं आला. "साहेब, डावा हात द्या. माप घेतो."

जन्मात पहिल्यांदा त्यानं माप मागितलं. यशवंतरावांनी हसत पंजा पुढं केला. नूरमोहम्मद एकेक बोट चाचपत गेला आणि करंगळीपाशी थांबला.

"झालं का मिस्त्री?"

"झालं, साहेब," तो म्हणाला. हात मात्र त्यानं सोडला नाही.