भाऊरावच्या मुक्या चाली

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहो. देऊळघाटात भाऊराव पेटीवाल्याच्या घरी, खिडकीपाशी बसेल आहो. आता सांगून राह्यलो तरी पोटातला पंखा धडधड करते माह्या. भेवच तसं होतं.

आधी मी एका शाळेत होतो. लेकरं माह्यावर बोटं आपटत. शाळेले नवे कॉम्प्युटर आले अन् मले भाऊरावनं घरी आनलं. भाऊराव गायन पार्टीतला मानूस. आपला कॅसिओ, म्हंजे लाइटवरची पेटी, वायरीनं मले जोडे अन् वाजवे. त्यानं कोनता सूर किती वेळ दाबला, तेवढंच मी लिहून घेत होतो. त्याले मिडी फाइल म्हनतेत. अशा एकसष्ट चाली लिहिल्या. भाऊराव माह्या डोक्यावर थाप मारून म्हने, "माह्यापेक्षा याच्याच जास्त ध्यानात राह्यते बे!"

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, जीभ जड झाली. कॅसिओ फडक्यात गेला. मी धूळ खात बसलो.

मग त्याची पोरगी आली, मंजुश्री. जुनी विंडोज लय रडे म्हून तिनं चाली जपून ठेवल्या अन् विंडोज काढून माह्यात लिनक्स टाकलं, दुसरी हलकी सिस्टीम. मी हलका झालो. बापाले खुर्चीत बसवून तिनं चाल लावली. पडद्यावरचा काटा पुढं सरकला, पन आवाज नाई. दुसरी लावली, तिसरी लावली. मुक्याच! भाऊरावनं मान खाली घातली.

तिचा भाऊ नागसेन पेनड्राइव्हमंदी विंडोज घेऊन आला. लोकाइचे फॉर्म भरायले त्याले मी पायजे होतो, विंडोजवाला.

"चार-चार केबीच्या फाइली हायेत ताई. एक गानं चार एमबीचं असते. रिकाम्या हायेत ह्या. सारं पुसून टाकतो."

"थांब ना बे!"

"किती थांबू? उद्यापासून फॉर्म सुरू होऊन राह्यले."

त्यानं पेनड्राइव्ह खोसला. मित्रांनो, कोनी तुमच्या पोटात हात घातला अन् तुम्हाले वरडता येत नसलं, तर? चाली माह्यातच होत्या. सांगू कसा? पंखा तेवढा जोरानं फिरवला.

"गरम होऊन राह्यला, म्हातारा झाला," नागसेन म्हने.

तिकडं तांदूळ निवडत बसेल केसरबाई, त्याइची माय, बोलली. "काऊन रे, तुह्या बापाच्या वहीत बी चाली लिहेल हायेत. वही कानाले लावली त वाजते काय? वाजवनारा लागते."

मंजुश्री उठलीच. "आई, हेच त झालं! याच्यात लिहेल हाये, पन वाजवनाराच नाई!"

जुन्या विंडोजमंदी वाजवनारा, म्हंजे लिहेल सूर वाचून आवाज काढनारा प्रोग्राम, आयता होता. लिनक्समंदी तो बोलवा लागे. तिनं मोबाइलच्या नेटवरून तो उतरवला, अन् संगं वाद्याइच्या आवाजाची थैली, साउंडफॉन्ट. लाइट दोनदा चमकली, गेली अन् आली. दोनदा मी मेलो.

"पाच वाजेलोक थांबतो, मंग पुसतो," नागसेन म्हने.

पाचले दहा कमी असतानी तिनं चाल लावली. मुकीच! नागसेननं हात पुढं केला.

"हात नको लावू! वाजवनारा बसला, पन चाल त्याच्यापर्यंत जातच नाई. दोघाइले जोडू दे."

तिनं जोडायच्या हुकमाची एक ओळ लिहिली. अन् वाजली! भाऊरावची चाल!

मधीच भाऊरावनं डावा हात उचलला. तोंड वाकडं केलं. "चु... चुकलं."

माहा जीव पुन्हा गेला. आता मले बिघडेल म्हनतीन!

केसरबाईच्या डोयात पानी अन् तोंडात हासू. "मशीनले काऊन बोलता? तठी तुमचंच बोट घसरे, दरवेळी!"

भाऊराव हासला. कित्येक महिन्यानं.

नागसेन माह्यापुढं येऊन बसला. मग त्यानं मले नाई, आपला पेनड्राइव्हच पुसला, अन् एकसष्ट चाली त्याच्यात उतरवून घेतल्या. "फॉर्म लिनक्सवर बी भरतीनच की," म्हने.

मित्रांनो, मुकं दिसलं म्हून रिकामं समजू नका. पुसायच्या आधी वाजवनारा हाये का, तेवढं पाहा. लाइट चमकली की मी अजून धडधडतो. पन आता ते भेव माह्यापुरतं हाये, चालीसाठी नाई.