हेरंबरावांची छत्री

किल्ली अर्ध्यातच अडली. बन्सीनं ती बाहेर काढली, शर्टाच्या टोकाला पुसली, परत घातली. अर्ध्यातच. वाचनालयाची बोटाएवढी पितळी किल्ली, बावीस वर्षं खिशात राहून दात गुळगुळीत झालेली... आणि मग कुठं त्यानं कुलपाकडं पाहिलं. कुलूप नवं होतं, चकचकीत, किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून खरवडून काढलेली नाही असं. बावीस वर्षांत त्यानं कुलपाकडं कधी पाहिलंच नव्हतं, ते काम हाताचं होतं. आता डोळ्यांनी पाहिलं आणि त्यानं किल्ली झटकन खिशात टाकली, आणि टाकताक्षणी त्याला कळलं की हे झटकन टाकणंच चुकलं. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस अशी किल्ली लपवत नाही. हेरंबरावांनी हे लगेच टिपलं असतं. डावी भुवई किंचित वर, ओठांवर ते नसल्यासारखं हसू...

समोरच्या टपरीवरून खाजाभाईनं हाक मारली, "काय बन्सीभाऊ, कुलूपबी वळख देईना का तुला?"

"ताईंनी बदललं आसंल."

"ताईंनी न्हाई. लगड सर सोता उभे हुते काल सांजच्याला, कमिटीचे अध्यक्ष म्हनून. हे लाव, ते काढ." खाजाभाईनं ग्लास खळकन विसळला. "ये, चा पी. कमिटी अकराला हाय, आतापास्नं उभा राहून काय पाय मोडायचेत?"

बन्सी गेला, बाकावर बसला. चहा गरम होता, चव मात्र लागेना.

"खरं सांग," खाजाभाई वाकून म्हणाला, "ठिवली कुठं दौत?" आणि बन्सीचा चेहरा पाहून स्वतःच मांडीवर थाप मारून हसला. "आरं मजाक! तुज्याशी न्हाई करायची तर कुनाशी? बेलापुरात दोन दिवस झाले, दुसरा इषयच न्हाई. हेरंबरावांनी छत्री दिली म्हनल्यावर..."

दिली म्हटल्यावर. इथंच तर सगळं येऊन ठेचकाळत होतं.

हेरंब टिपणीस हा माणूस कधी जन्मलाच नव्हता, हे बन्सीला माहीत होतं. तो पुस्तकातला गुप्तहेर, वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटात त्याचे एकतीस भाग, पाठीचे कागद सुटलेले, बन्सीनंच खळीनं चिकटवलेले. सिनेमात त्याचं काम आधी दोघांनी करून पाहिलं होतं, एक नुसता ओरडायचा, दुसरा नुसता सिगारेट ओढायचा. मग दूरदर्शनवर मालिका आली आणि विश्वंभर केळुसकर नावाच्या माणसानं धोतर नेसलं, हातात काळी छत्री घेतली, आणि त्या दिवसापासून हेरंबरावांना दुसरा चेहरा उरला नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी सगळे संशयित एका खोलीत. हेरंबराव हळूहळू फिरणार. कुणाकडं बोट दाखवणार नाहीत, ओरडणार नाहीत, फक्त एकापाशी थांबणार आणि चष्मा पुसायला हात मोकळा हवा म्हणून छत्री त्याच्यापुढं करणार — "जरा धरता का?" आणि ज्यानं धरली तो गुन्हेगार. बहात्तर भाग, बहात्तर छत्र्या, एकही चुकलेली नाही. बन्सी तेव्हा अठरा वर्षांचा, ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं मातीत बसून पाहायचा. आता रोज दुपारी मोबाईलवर, डबा खाताना, एक भाग. कुणी विचारलं तर तो सांगायचा, की केळुसकर अभिनय करतच नाहीत, ते फक्त माणसाकडं नीट बघतात. असं बघणारं दुसरं कुणी मी तरी पाहिलं नाही.

हे त्यानं टिपणीस-प्रेमी मंडळाच्या ग्रुपवर एकदा लिहिलंही होतं. राहुरीचे प्राध्यापक, कोपरगावचे डॉक्टर, श्रीरामपूरचे वकील, सगळी शिकलेली माणसं त्या ग्रुपवर. केळुसकरांच्या भुवईवर दोन-दोन पानं लिहिणारी. बन्सीच्या ओळीला कुणी साधा अंगठाही दिला नव्हता. तेही त्याला बरोबरच वाटलं होतं तेव्हा. आपण शिपाई. आपण ग्रुपवर असणं हेच पुष्कळ.

आणि परवाच्या रविवारी वाचनालयाच्या पन्नाशीला ते खुद्द आले. सत्तरी ओलांडलेले, गाडीतून उतरताना गुडघा धरलेला, पण मंडळानं हातात काळी छत्री दिली आणि ते ताठ झाले, आणि दीडशे माणसं लहान पोरांसारखी चित्कारली. बन्सी ताट घेऊन त्यांच्या मागं उभा होता. शाल झाली, श्रीफळ झालं, गुच्छ झाला, स्मृतिचिन्ह झालं, आणि केळुसकरांनी छत्री मागं केली.

"जरा धरता का?"

बन्सीनं धरली.

 आणि मग छत उडेल एवढ्या टाळ्या. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सापडली, दौत सापडली!", आणि हशा, आणि शिट्ट्या, आणि लगड सरसुद्धा हसले; आधी हसले, मग हसता हसता त्यांची नजर बन्सीवर आली आणि हसणं तिथंच थांबलं. कारण दौत खरंच गेलेली होती. संस्थापकांची चांदीची दौत, काचेच्या कपाटातली, तीन दिवसांपूर्वी नाहीशी झालेली. त्या घडीपर्यंत सगळा संशय रंगकाम करणाऱ्यांवर होता. बन्सीचं नाव कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

चौदा सेकंदांची क्लिप रविवारी संध्याकाळीच फिरली, मालिकेचं संगीत लावून, आणि सोमवारी तिच्याखाली खुद्द केळुसकरांनी लिहिलं — "हा हा! नजर अजून शाबूत आहे म्हणायची."

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण ते वाचून बन्सीला आधी आनंद झाला होता. भीती नंतर आली. आधी छाती भरून आली — माझ्यावर लिहिलंय, माझ्यावर, हेरंबरावांनी. त्यानं सविताला बोलावून दाखवलं. ती हात पुसत आली, दोनदा वाचलं, आणि त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "आवो, एक इचारू? तवाची ती दौत... तुमी परत ठिवली हुती ना?"

तवाची.

ते चार वर्षांपूर्वीचं. दसरा. अश्विनी पहिलीला. पाटीवर सरस्वती काढलेली, एकाच्या आकड्यांची, झेंडू वाहिलेला, आणि बन्सीला वाटलं होतं, पोरीच्या पाटीशेजारी ती दौत एक दिवस असावी. ज्या दौतीत बोरू बुडवून संस्थापकांनी अख्ख्या गावाला अक्षर दिलं म्हणतात, ती रोज पुसायची मी, चकाकवायची मी, वर्षाला दोनदा चिंच लावायची मी, मग एक दिवस माझ्या घरात का नको? जेवणाच्या डब्यात, फडक्याखाली घालून नेली. अश्विनीनं कोरड्या दौतीत बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत, कपाटात, होती तिथं, कुणाला पत्ता नाही. नक्की होती तिथं... नक्की ना? आणि या वेळची? गेल्या गुरुवारी त्याला ताप होता, तापातच त्यानं कपाट पुसलं होतं. दौत हातात घेतल्याचं आठवत होतं, तिचं वजन आठवत होतं, खाली ठेवल्याचं... माणूस रोजचं काम करतो ते त्याला आठवतं का कधी? पुसलं, ठेवलं. पुसलं, आणि...? बहात्तर वेळा जे चुकले नाहीत ते त्र्याहत्तराव्यांदा कसे चुकतील? त्यांना दिसलंच असणार. गुरुवारचं नसेल, दसऱ्याचं दिसलं असेल. डबा दिसला असेल, फडकं दिसलं असेल.

मी चोर आहे का नाही हे मलाच कुणीतरी सांगा, असं त्याला दोन रात्री वाटत होतं.

अकराला पंकजाताई, ग्रंथपाल, नवी किल्ली घेऊन आल्या. त्याच्याकडं न पाहता "ये आत" म्हणाल्या. वाचनकक्षात लांब टेबल, त्याच्या पलीकडं लगड सर आणि कोपरगावचे डॉक्टर. डॉक्टर कमिटीवर नव्हते, पण मंडळाचे अध्यक्ष, आणि या प्रकरणात त्यांना रस होता. रस! माणसाची भाकरी जायची वेळ, आणि यांना रस.

"उभा का? बस," लगड सर म्हणाले. या कक्षातल्या खुर्च्या बन्सीनं बावीस वर्षं पुसल्या होत्या, बसला कधीच नव्हता. तो टोकावर टेकला.

"हे बघ, ती गंमत होती," डॉक्टर म्हणाले, "छत्रीची. निव्वळ गंमत. आम्हाला कळतं."

"व्हय साहेब."

"पण योगायोग विलक्षण आहे. मी ती मालिका तीनदा पाहिलीय, अख्खी. केळुसकरांची ती जी एक... अंतःप्रेरणा म्हणू आपण. नट मुरतो ना भूमिकेत, तेव्हा—"

"डॉक्टर, मुद्द्यावर या," पंकजाताई म्हणाल्या. "बन्सी, सरळ विचारते. दौत या इमारतीच्या बाहेर तू कधी नेली होतीस का? कधीही?"

कधीही. ताईंनी गेल्या गुरुवारचं विचारायला हवं होतं, पण त्यांनी कधीही विचारलं. हो म्हटलं तर चोर, नाही म्हटलं तर खोटारडा, आणि नोकरीपेक्षाही... अश्विनीच्या कपाळावरचं ते कोरडं बोट आता चोरीच्या मालाचं होणार होतं. 

"थांबा थांबा," डॉक्टरांनी मोबाईल काढला, "आधी हे पुन्हा बघू. याचा चेहरा बघा, छत्री हातात येताना. चेहरा खोटं बोलत नाही."

मोबाईल टेबलावर आडवा ठेवला. संगीत वाजलं. बन्सीनं ही क्लिप चाळीस वेळा तरी पाहिली होती, आणि चाळीसही वेळा स्वतःलाच पाहिलं होतं. आपलं उघडं तोंड, आपले हात, आपण गुन्हेगार दिसतो का. आता समोर तिघं त्याचाच चेहरा निरखत होते, आणि तो आणखी एकदा बघणं त्याच्यानं होईना, म्हणून त्याची नजर बाजूला सरकली. केळुसकरांवर. पहिल्यांदाच.

केळुसकर फोटोवाल्याकडं बघत होते. शाल घसरत होती, श्रीफळ काखेत, गुच्छ हनुवटीशी, आणि छत्रीचा हात नुसता मागं आला होता, चाचपडत — भिंतीवर खुंटी असावी आणि ती हाताला लागावी, तसा. मान वळली नव्हती. डोळे वळले नव्हते. त्या माणसानं बन्सीला पाहिलंच नव्हतं.

पाहिलंच नाही?

त्याला वाटलं, आता सुटल्यासारखं वाटेल. दसरा दिसला नाही, डबा दिसला नाही, कुणालाच काही दिसलेलं नाही. पण सुटल्यासारखं नाही वाटलं. आतून काहीतरी उकळत वर आलं, तापासारखं पण ताप नव्हे. बावीस वर्षं मी ज्याची नजर, नजर म्हणून मरत आलो, तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि मी त्याला खुंटी. चोर म्हणून पाहिलं असतं तरी चाललं असतं की रे! निदान पाहिलं तरी असतं. आणि ही माणसं, भुवईवर दोन पानं लिहिणारी, आताही माझा चेहरा बघतायत तो मोबाईलमधला, बोटभर, मी इथं अख्खा बसलेला असताना.

"बघा, इथं थांबवतो," डॉक्टर म्हणत होते, "इथं तो दचकलाय का नाही?"

"दचकलाय," लगड सर मोबाईलवर वाकून म्हणाले.

"बन्सी, विचारलंय काहीतरी तुला," पंकजाताई म्हणाल्या. त्याही वाकलेल्या.

बन्सी खुर्चीत मागं सरकला. पाठ पूर्ण टेकली. दोन्ही उत्तरं जिभेवर होती, हो आणि नाही, दोन्ही सारख्या वजनाची, आणि कुठलं बाहेर पडणार ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. 

"सांगतो," तो म्हणाला. "पन आधी माज्याकडं बघा."

लगड सरांनी मान वर केली नाही. "हं, बोल बोल."

"तसं न्हाई, सर. बघा. म्या वाट बघतो."

आणि तो वाट बघत बसला. टेबलापलीकडच्या तीन टाळूंकडं, एकेकीकडं सावकाश, घाई न करता, नीट बघत.