वळूचे चार दाखले

धाकटीची गाय तिसऱ्यांदा उलटली. म्हणजे वळू दाखवून एकवीस दिवस होतात न होतात तोच पुन्हा माजावर आली आणि हंबरून हंबरून तिने गोठा डोक्यावर घेतला. नवऱ्याने हातातला पेपर खाली न ठेवताच सांगितलं, की शनिवारी ट्रक येतोय, हिलाही चढवून टाकू. ‘हिलाही’ यासाठी, की वर्षभरात दोन गायी ‘भाकड’ म्हणून त्याच ट्रकमधून गेल्या होत्या. ही तिसरी, आई मेल्यावर धाकटीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली.

वळू दूध सोसायटीचा. तीस गोठ्यांचा तो एकुलता एक जावई, आणि त्याची बडदास्तही तशीच. सोसायटीच्या ऑफिसात त्याचा फोटो अध्यक्षांच्या फोटोशेजारी, आणि खरं सांगायचं तर वळू जास्त विचारी दिसे. त्याच्यात काही उणं असेल असं म्हणणं म्हणजे अध्यक्षांच्या तब्येतीची चौकशी करण्यासारखं. शिवाय दरवर्षी त्याला ‘पैदाशीस योग्य’ असा दाखला मिळे, आणि सही करणारा जनावरांचा डॉक्टर धाकटीचा सख्खा थोरला भाऊ. मग खोट गायीतच!

ज्याच्या गायीत खोट, तो गप्प. वाचकहो, आपण शेजाऱ्याला आपली मधुमेहाची साखर सांगतो, पोराचे नापास झालेले विषय सांगतो, पण गाय राहत नाही हे कोण सांगेल? त्यामुळे शेजारच्या गोठ्यात काय चाललंय, याचा कोणालाच पत्ता नव्हता.

गुरुवारी धाकटी दवाखान्यात गेली, ती संशय घेऊन नव्हे. गायीला एखादं इंजेक्शन देऊन बघ, एवढंच तिला भावाला सांगायचं होतं. डॉक्टर कोणाच्या तरी लंगड्या घोड्याकडे अंगणात गेला होता. आत काचपट्ट्या धुणाऱ्या मावशी एकट्याच होत्या. वीस वर्षं त्या सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा धूत होत्या. डॉक्टर काम शिकला तो त्यांच्यासमोर, असं त्या म्हणत, आणि डॉक्टर ते नाकारत नसे.

वेळ जावा म्हणून धाकटीने विचारलं, वळू तपासतात तरी कसा? मावशींनी साबणाच्या हातानेच सगळं सांगितलं. आधी चालवून बघायचा, खूर, डोळे, दात बघायचे. मग खोड्यात अडकवून वृषणाचा घेर टेपने मोजायचा, दोन्ही वृषणं हाताने चाचपून बघायची. मग वीर्याचा नमुना घेऊन कोमट काचेवर, लगेच, कारण गार झाला की शुक्रजंतू मरतात. अख्खी सकाळ जाते, तीन माणसं लागतात.

“मग आमच्या वळूची काच कशी दिसली, मावशी?”

मावशींनी नळ बंद केला.

“पहिल्या वर्षीची चांगली होती,” त्या म्हणाल्या. “नंतर तीन वर्षं त्याची काच माझ्याकडे धुवायला आली नाही.”

फाइल कपाटातच होती. चार दाखले. पहिल्या वर्षी घेर छत्तीस सेंटीमीटर, जंतूंची हालचाल सत्तर टक्के. दुसऱ्या वर्षी छत्तीस, सत्तर. तिसऱ्या वर्षी तेच, चौथ्या वर्षी तेच. वळू दोन वर्षांचा होता तो पाच वर्षांचा झाला होता, सगळीकडून वाढला होता. फक्त कागदावर तो जिथल्या तिथे थांबलेला!

डॉक्टर हात पुसत आत आला आणि बहिणीच्या हातात काय आहे ते बघून पुसतच राहिला.

मग कारणं निघाली. अध्यक्ष स्वतः चहा घेऊन फाटकात उभे राहतात. वळू बघितला की कोणीही म्हणेल, हत्ती आहे. खोड्यात घालायचा म्हणजे केवढा खटाटोप. आणि एकदा नीट तपासला होता की!

“दादा, मी तुला दोनदा विचारलं,” धाकटी म्हणाली. “दोन्ही वेळा तू म्हणालास, गायच भाकड. तुझ्या शब्दावर मी त्यांना दाव्याला धरून ट्रकमध्ये नेलं. त्या माझ्या मागून निमूट चढल्या.”

“छकुली, मला काय माहीत...”

“तेच तर. तुला माहीत नव्हतं. तरी सांगितलंस.”

मावशी मध्ये बोलल्या, आवाज न चढवता. “चूक झाली असती तर गोष्ट वेगळी, डॉक्टर. बघूनही माणूस चुकतो. तुम्ही बघितलंच नाही. आणि लोकांनी तुमच्यावर भरवसा टाकला तो तुमच्या डोळ्यांवर, तुमच्या अक्षरावर नाही.”

शुक्रवारी सकाळी वळू खोड्यात उभा राहिला. अध्यक्षांनी दोन विनोद केले, तिसरा करायला ते थांबले नाहीत. घेर एकोणतीस भरला. एक वृषण दगडासारखं, दुसरं पिचपिचीत. डॉक्टर काचेवर बराच वेळ वाकून राहिला आणि मग बाजूला होऊन त्याने बहिणीला बघू दिलं. खाली काही म्हणजे काही हलत नव्हतं. कधीतरी वळूला ताप येऊन गेला असावा. केव्हा, ते सांगता येईना, कारण कोणी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी सोसायटीच्या बैठकीत डॉक्टरने उभं राहून सांगितलं, की तीन दाखले खोटे आहेत, सही माझी आहे. मग मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणालं, “आमची एक गेली.” मग दुसरीकडून, “आमच्या दोन.” आकडा एकोणीसवर थांबला. एकोणीस धडधाकट गायी, आणि प्रत्येक घर समजत होतं, नशीब आपलंच फुटकं.

शनिवारी ट्रक धाकटीच्या दारातून रिकामा गेला. बाहेरून आणलेल्या रेताने डॉक्टरने स्वतः तिची गाय भरली होती. त्याने माफी मागितली तेव्हा ती गायीच्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, “ऐकलं, दादा. पण यापुढे वळू तपासशील तेव्हा मी तिथे उभी असेन.”

डॉक्टरला राग यायला हवा होता. त्याने होकाराची मान हलवली. त्या वर्षापासून सोसायटीत तपासणी सगळ्यांसमोर होते, आणि अध्यक्षांचा चहा नंतर.

तर वाचकहो, न बघता केलेली सही ही लबाडीच आहे, मग ती कितीही आपल्या माणसाची असो. उलट आपल्याच माणसाची जास्त महाग पडते. परक्याची सही आपण निदान वाचून तरी बघतो.