काचेला एकच बोट कळतं

उधन्यातल्या आमच्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये जुनं स्टेंटर होतं, तोवर ते थांबवायला एक लोखंडी दांडा होता. स्टेंटर म्हणजे ओलं कापड ताणून वाळवणारं लांबलचक मशीन. एका टोकाला दोन रूळ, त्यांच्यातून कापड आत शिरतं. दांडा खाली ओढला की खांद्यापर्यंत हिसका बसायचा आणि रूळ जागच्या जागी थांबायचे. डोळे कापडावर, हात दांड्यावर, असं काम. ते चालवणारा सुकलाल तर पाठमोरा उभा राहूनही तो अचूक ओढायचा.

सत्त्याण्णव साली शेठने नवं मशीन परदेशातून आणलं. त्याला दांडा नाही, बटण नाही, मूठ नाही. एक कपाट आणि त्यावर काच. काचेत चौकोन दिसत, हिरवा चालू करायचा, लाल थांबवायचा. शेठ सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "हवे खाली अडवानुं, बस." आता नुसतं बोट लावायचं. जणू आजवर आम्ही डोंगर ढकलत होतो.

मला पहिल्या दिवसापासून त्या काचेचा राग होता. मी शालिग्राम, कापडाच्या गाड्या ओढणारा, माझ्या रागाला कोण विचारतो? पण ज्या वस्तूकडे बघितल्याशिवाय ती वापरता येत नाही, ती चालत्या रुळांजवळ काय कामाची? वाफ आली की काच धुरकट. रंगाचे हात लागले की चौकोन दिसेनासे. तिच्याशिवाय अडीअडचणीला दाबून मशीन थांबवायचा एकच लाल गोळा होता, तो मशीनच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या टोकाचा गोळा 'येतोय' म्हणून सांगितलं होतं. तो येतच राहिला.

सुकलालच्या मशीनवर कापडाच्या कडा सरळ करायला लखन असायचा, त्याच्या बहिणीचा नवरा. अमळनेराकडून त्याला सुकलालनेच आणून कामाला लावलं होतं. आम्ही सगळे एकाच चाळीत राहायचो. मला सख्खी बहीण नाही म्हणून मंदा भाऊबीजेला आपल्या भावाबरोबर मलाही ओवाळायची. सुकलालचा तिच्यावर फार जीव. भाजीत मीठ कमी पडलं तर लखनने बोलू नये म्हणून हाच आधी म्हणायचा, आज भाजी झकास झाली.

दसऱ्याला आमच्याकडे घरची माणसं कारखान्यात येतात. मशीनला हळदकुंकू लावायचं, माळ घालायची आणि मग फाफडा-जिलेबीवर ताव मारायचा. सुकलालच्या मशीनची माळ मंदाची, हा तिचा मान. आणि एकदा घातलेली माळ कोणी काढायची नाही, ती वाळून आपोआप गळायची. आजवर ती दांड्याला बांधली जायची, तिथे तिचा कोणाला त्रास नव्हता. या वर्षी दांडाच नाही. मंदाने इकडेतिकडे बघितलं आणि कपाटाच्या वरच्या दोन स्क्रूंना माळ अडकवली. झेंडूची फुलं काचेवर ओघळली. ती हसून म्हणाली, नवऱ्या मुलीला मुंडावळ्या बांधल्यासारखं दिसतंय. आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सुकलालने माळ न काढता नुसती वर उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवली आणि मशीन चालू केलं. दुपारपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग कापडाला घडी पडली. ती सोडवायला लखनने हात पुढे केला आणि कापडाबरोबर त्याची बोटं रुळांत गेली. तो ओरडला. सुकलाल काचेकडे वळलेला मी पाहिला. त्याची पाठ माझ्याकडे होती, हात दिसत नव्हता. रूळ चालूच राहिले. मी गाडी टाकून भिंतीपलीकडचं विजेचं मेन पाडायला पळालो. मेन पडलं तेव्हा लखनचा हात कोपरापर्यंत आत होता.

दवाखान्यात तो हात काढावा लागला. उजवा.

मग चौकशी झाली. मशीनची कंपनी लांबची, तिचा इंजिनिअर पराग म्हणून एक मराठी मुलगा होता, तो आला. काचेत काय काय दाबलं गेलं ते मशीन लक्षात ठेवतं म्हणे. त्याने पाहिलं, तर त्या वेळी लाल चौकोन दाबल्याची खूणच नाही. शेठना तेवढं पुरे होतं. सुकलाल घाबरला, त्याने दाबलंच नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्याला घरी बसवलं.

दांडा असता तर खाली ओढलेला दिसला असता. काचेवर दाबलेलं बोट कोणाला दाखवायचं? वाईट म्हणजे सुकलाललाही खात्री उरली नव्हती. मला तो पुन्हा पुन्हा म्हणायचा की दाबल्यासारखं वाटतंय, पण हाताला काही लागलंच नाही. ना हिसका, ना खटका. माणूस स्वतःच्या बोटावर संशय घ्यायला लागला, याहून हाल ते कोणते?

परागच्या मनाला मात्र ते पटत नव्हतं. तो दोन दिवसांनी पुन्हा आला आणि सुकलालला आणि मला मशीनजवळ घेऊन गेला. मशीनच्या थरथरीने माळ पुन्हा काचेवर उतरलेली होती. ती उचलून त्याने मशीन चालू केलं, मग परत काचेवर टेकवून लाल चौकोन दाबून दाखवला. काहीच झालं नाही. काचेला एका वेळी एकच बोट कळतं, तो म्हणाला. फुलं आधीच टेकली असली की तिला तुमचं बोट समजत नाही. त्या दिवशीही माळ अशीच उतरली असणार, तुम्ही दाबलं असणार. शेठनाही त्याने हे सांगितलं होतं, पण त्यांचं म्हणणं, माळ काय आणि बोट काय, चूक माणसांचीच.

सुकलालने मोठा श्वास घेतला. त्याचा चेहरा उजळलेला मी बघितला, आणि लगेच विझलेलाही. परत येताना वाटेत त्याने माझा हात धरला.

"ती माळ तिनी बांधेल शे," तो म्हणाला. "तिले हाई कधी सांगू नको."

मी चिडलो. म्हटलं, अरे, तिचा काय दोष, वर्षानुवर्षांची रीत ती. तो म्हणाला, तिला तसं वाटणार नाही. हे मात्र खरं होतं.

भाऊबीजेला आम्ही दोघे मंदाकडे गेलो. लखन भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. पाट मांडलेले होते. सुकलाल बसला, शेजारी मी. मंदाने दिवा लावला, ताट उचललं आणि तशीच उभी राहिली.

"भाऊ, खरं सांग. तू बोट दाबं व्हतं का नही?"

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. सुकलालने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुखेपर्यंत दाबला.

"माले उशीर व्हई गया, मंदा."

खाटेवरच्या माणसाने कूस बदलली. मग ती सुकलालच्या समोरून सरकली आणि माझ्यापुढे आली. मला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. दिव्याची ज्योत माझ्या नाकाशी हलत होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. ओवाळून झाल्यावर भावाकडे न बघता ती ताट घेऊन आत गेली.

सुकलाल कोऱ्या कपाळाने पाटावर बसून राहिला. दरवर्षी आम्ही तिथे जेवायचो. थोड्या वेळाने त्याने चपला घातल्या आणि मला हळूच म्हणाला, "चाल, तिले सयपाक करना शे."